रमाबाई आंबेडकर नगरचा गोळीबार : एका संज्ञेचा शोध

परभाषेंतील एखादी संज्ञा आपल्याकडे आली म्हणजे तिच्याबरोबर तिचा देशही थोडाफार येतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अमेरिकेंतील शाळा, चर्चें, बाजार, नृत्यगृहें अशा ठिकाणीं एखाद्या माणसानें बंदूक घेऊन अनेकांचे प्राण घेतल्याच्या वार्ता आपल्या वर्तमानपत्रांतून इतक्या वेळां आल्या, कीं त्या प्रकारासाठीं ‘मास शूटिंग’ हा शब्द आपल्या घरांतील मुलेंही सहज बोलूं लागलीं. मराठींत त्यास कोणी ‘सामूहिक गोळीबार’ म्हणतात, कोणी ‘अंदाधुंद गोळीबार’ म्हणतात. पहिला शब्द तर उघडच सदोष आहे. कारण त्यावरून समूहानें केलेला गोळीबार असा अर्थ निघतो, आणि अमेरिकेंत गोळ्या झाडणारा बहुधा एकटाच असतो. परंतु शब्दाच्या या दोषाकडे आमचें लक्ष गेलें तें पुष्कळ उशिरां. प्रथम लक्ष गेलें तें एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळें.

वर्गांत आधुनिक अमेरिकेचा विषय चालला असतां तिनें विचारलें, “सर, असा प्रकार मुंबईंत कधीं झाला आहे का?” आम्हीं फारसा विचार न करतां २६ नोव्हेंबर २००८ या दिवसाचें नांव घेतलें. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “आणि आमच्याकडे ११ जुलैला झालें तें?” मुलगी घाटकोपरची. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ‘तें निराळें’ असें कांहींतरी आम्हीं पुटपुटलों. निराळें तें कोणत्या अर्थानें, हें तेव्हां आम्हांस सांगतां आलें नसतें. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा उशिरां केलेला प्रयत्न समजावा.

मराठींत बंदुकीनें माणसें मारलीं जाण्याच्या घटनेस अनेक नांवें आहेत, आणि कोणी मारलें हें पाहून त्यांपैकीं एक नांव दिलें जातें. पोलिसांनीं जमावावर गोळ्या झाडल्या तर तो ‘गोळीबार’. त्यांनींच गुंडांवर झाडल्या तर ती ‘चकमक’. परक्या अतिरेक्यांनीं झाडल्या तर तो ‘हल्ला’. आणि दोन समाज एकमेकांवर उठले असतां कोणी मेलें, मग तें गोळीनें मेलेलें असो कीं सुऱ्यानें, तर तो ‘दंगलींतील बळी’. ‘हत्याकांड’ हा शब्द आपण जपून वापरतों. जालियनवाला बागेस तो लावतांना आपणांस संकोच होत नाहीं, कारण तेथील सत्ता परकी होती. वाक्यांच्या घडणीकडेही पाहावें. ‘गोळीबार झाला व त्यांत दहा जण ठार झाले’ या वाक्यांत ‘झाला’ हें क्रियापद, पाऊस झाला म्हणतों तसेंच, कर्त्यावांचून उभें आहे. ‘गोळीबार करावा लागला’ असें म्हटलें म्हणजे कर्ता दिसतो खरा, परंतु तो बिचारा अगतिक होऊन दिसतो. रमाबाई आंबेडकर नगरांतील रहिवासी त्या दिवसास ‘हत्याकांड’ म्हणतात. आम्ही, म्हणजे त्याच उपनगरांतील सुशिक्षित कुटुंबें, ‘गोळीबार’ म्हणत आलों. एकाच सकाळचीं हीं दोन नांवें आहेत.

अमेरिकेंतही हा वाद आहे आणि तो केवळ शब्दाचा नाहीं. तेथील केंद्रीय गुप्तपोलीस खात्यानें १९८० च्या दशकांत, एकाच प्रसंगीं चार वा अधिक माणसें मारलीं गेल्यास तें ‘सामूहिक खून’ मानावें, असा निकष धरला. जानेवारी १९१३ नव्हे, २०१३ मध्यें (शतकाची ही चूक आमच्या हातून वारंवार होते) झालेल्या एका कायद्यानें ती संख्या तीनवर आणली. त्याच वर्षीं सुरू झालेल्या ‘गन व्हायोलन्स आर्काइव्ह’ या खासगी संस्थेनें मृत्यूची अटच काढून टाकली. मारेकरी वगळून चार माणसांस गोळी लागली, मग तीं मेलीं असोत वा वांचलीं असोत, कीं ती घटना त्यांच्या यादींत येते. गुप्तपोलीस खात्याची ‘सक्रिय बंदूकधारी’ अशी आणखी एक यादी आहे; तींत टोळ्यांचे व मादक द्रव्यांच्या व्यवहारांतले तंटे घेत नाहींत. निकष बदलला कीं वर्षाची संख्या दहा-पांचांवरून सहाशेंवर जाते. गणिताच्या दृष्टीनें यांत आश्चर्य नाहीं. आश्चर्य आहे तें निकषाबरोबर मेलेलीं माणसेंही बदलतात यांत.

दोन उदाहरणें देतों. अमेरिकेच्या संसदेच्या संशोधन विभागानें २०१५ सालीं १९९९ ते २०१३ या पंधरा वर्षांतील, चार वा अधिक माणसें गोळीनें मेलीं अशा ३१७ घटना तपासल्या. त्यांपैकीं सार्वजनिक जागीं घडलेल्या, म्हणजे आपण ज्यांच्या वार्ता वाचतों तशा, केवळ ६६ होत्या. १२४ घटना दुसऱ्या कांहीं गुन्ह्यांच्या ओघांत घडलेल्या होत्या, आणि १२७ घटनांत माणसानें आपलेंच कुटुंब मारलें होतें. म्हणजे सार्वजनिक जागा ही अट घातली कीं घरांत मेलेल्या बायका व मुलें यादींतून बाहेर पडतात. दुसरें उदाहरण न्यूयॉर्कच्या एका प्रसिद्ध दैनिकाचें. त्यानें २०१६ सालीं मागील वर्षाच्या, चार वा अधिक माणसें मेलीं अथवा जखमी झालीं अशा ३५८ घटनांचा शोध घेतला. त्यांत ४६२ मृत व १,३३० जखमी होते. ज्यांचा वंश कळूं शकला त्यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश कृष्णवर्णी होते. हीं माणसें रस्त्यावर, घरगुती समारंभांत, मद्यगृहाच्या दारांत पडलीं होतीं, आणि त्यांतील बहुतेकांची वार्ता आपल्या गांवाबाहेर गेली नव्हती. शाळेंत वा चित्रपटगृहांत पडलेल्यांसाठीं राष्ट्र हळहळतें. कारण त्या जागीं आपलेंही मूल असूं शकलें असतें, असें वर्तमानपत्र वाचणाऱ्यास वाटतें. ज्या गल्लींत आपलें मूल कधींच जाणार नाहीं तेथील बळींसाठीं निराळा रकाना असतो.

आतां आपल्याकडे वळूं. भारतीय दंडविधानांत एका प्रसंगीं इतकीं माणसें मेलीं म्हणजे अमुक गुन्हा, अशी संज्ञाच नाहीं. प्रत्येक खून हा स्वतंत्र खून. परंतु आपला कायदा संख्या मोजत नाहीं असें मात्र नव्हे. १८६० च्या दंडविधानाच्या १४१ व्या कलमानें पांच वा अधिक माणसांचा विशिष्ट हेतूनें जमलेला समुदाय ‘बेकायदा जमाव’ ठरविला. दरोड्यासही पांचच माणसें लागत. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १८९ व्या कलमांत बेकायदा जमावाची तीच पांचांची अट आहे, आणि जात, समाज, भाषा इत्यादि कारणांवरून झुंडीनें केलेल्या खुनाविषयीं जें नवें उपकलम आलें आहे त्यांतही मारणारे पांच वा अधिक असावे लागतात. अमेरिकेनें पडलेलीं माणसें मोजलीं. आम्हीं जमलेलीं मोजलीं. परक्या सत्तेस १८५७ नंतर ज्याची धास्ती होती तें तिनें मोजलें हें स्वाभाविक होतें. तें मोजमाप आपण शाबूत ठेविलें याचें कारण शोधावयास हवें.

जमाव बेकायदा ठरला, त्यास पांगण्याचा हुकूम दिला व तो पांगला नाहीं, तर बळ वापरण्याची मुभा फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यानें दिली आहे. त्यामुळें अशा बळप्रयोगांत माणसें मेलीं, कीं विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो : ‘गोळीबार समर्थनीय होता काय?’ किती मेले, कोण मेले, हे प्रश्न त्याच्या मागून येतात. या प्रश्नास मोठी परंपरा आहे. अमृतसर येथें १३ एप्रिल १९१९ रोजीं जनरल डायरच्या शिपायांनीं सुमारें दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या. सरकारी गणतीनें ३७९ माणसें मेलीं. चौकशीसाठीं नेमलेल्या हंटर समितींत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड होते, आणि चिलखती गाड्या बागेंत जाऊं शकल्या असत्या तर आपण यंत्रतोफा वापरल्या असत्या अशी कबुली डायरकडून त्यांच्याच प्रश्नांनीं निघाली. काँग्रेसनें स्वतंत्रपणें नेमलेल्या समितींत मुंबईचेच बॅ. मुकुंदराव जयकर होते. तिनें मृतांचा अंदाज हजाराच्या घरांत नेला. सेटलवाड तेव्हां मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते व जयकर पुढें पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, हें येथें सहज आठवतें म्हणून लिहितों. तेव्हांपासून सरकारची गणती एक आणि लोकांची दुसरी, हा आपल्याकडील अशा चौकश्यांचा नित्याचा क्रम झाला.

स्वराज्य आल्यावर क्रम बदलला नाहीं. लोकांच्या गणतीस मान मिळण्याचे प्रसंग मात्र कांहीं आले. १९५५ च्या नोव्हेंबरांत व १९५६ च्या जानेवारींत संयुक्त महाराष्ट्रासाठीं मुंबईंत जीं माणसें पोलिसांच्या गोळ्यांनीं पडलीं, त्यांतील पुष्कळ गिरणगांवांतील साधीं माणसें होतीं. तत्कालीन शासनाच्या दृष्टीनें तो बेकायदा जमावच होता. परंतु चळवळ यशस्वी झाली, राज्य स्थापन झालें, आणि त्या राज्यानें फ्लोरा फाउंटनपाशीं त्यांचें स्मारक बांधलें. १०५ ही संख्या मराठी मुलांस पाढ्यासारखी पाठ होती. पुढें ती १०६ व १०७ झाली. उलट तलासरीच्या बाजूस तलवाडें येथें ऑक्टोबर १९४५ मध्यें वेठीविरुद्ध जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन पांच जण मेले. बोरीवलीहून आगगाडीनें दोन-अडीच तासांची ही वाट. पण आमच्या ओळखीच्या किती घरांत तो पांचांचा आंकडा माहीत असेल, याची आम्हांस शंका आहे. जे जिंकले आणि ज्यांच्या जिंकण्यांत आम्हां पांढरपेशांचाही वांटा होता, ते मोजले गेले.

अशा देशांत व अशा जिल्ह्यांत ११ जुलै १९९७ ची सकाळ उजाडली. मुंबई उपनगर जिल्हा वेगळा होऊन तेव्हां सात वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. घाटकोपर व मुलुंड हीं त्यांतील कुर्ला तालुक्यांत येतात. घाटकोपरच्या पूर्वेस द्रुतगती महामार्गाला लागून माता रमाबाई आंबेडकर नगर ही दाट वस्ती आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यांतून व इतर भागांतून जीं कुटुंबें मुंबईस आलीं, त्यांनीं महामार्गाच्या कडेस, खाडीच्या काठास, जेथें कोणी हटकणार नाहीं तेथें घरें उभीं केलीं. अशा बौद्ध वस्त्यांत डॉ. आंबेडकरांचा पुतळा हा केवळ शोभेचा नसतो. वस्तीची ती जणूं मालकीची नोंद असते. महानगरपालिका जिला अतिक्रमण म्हणते ती जागा आपली आहे, आपण येथें माणसें म्हणून राहतों, असें त्या पुतळ्याच्या रूपानें वस्ती म्हणत असते. त्या सकाळीं लोक उठले तों पुतळ्याच्या गळ्यांत चपलांची माळ.

लोक प्रथम जवळच्या पोलीस चौकींत गेले. त्यांस पंतनगरच्या ठाण्यावर जाण्यास सांगण्यांत आलें. सातच्या सुमारास जमाव महामार्गावर उतरला व वाहतूक अडली. साडेसातच्या सुमारास राज्य राखीव पोलीस दलाची एक तुकडी आली. तिचा प्रमुख मनोहर कदम नांवाचा उपनिरीक्षक होता. तुकडीनें वस्तीसमोरच्या बाजूच्या रस्त्यावरील लोकांवर खऱ्या गोळ्या झाडण्यास सुरुवात केली. हें दहा-पंधरा मिनिटें चाललें. दहा माणसें मेलीं. मेलेल्यांत रस्ता अडविण्याशीं कांहीं संबंध नसलेलींही माणसें होतीं. दुपारपर्यंत लोकांचा क्षोभ वाढून एक आरामगाडी जाळण्यांत आली. नंतर पोलीस वस्तींत शिरले, अश्रुधूर व लाठ्या चालल्या. दिवसाअखेर जखमींची संख्या २६ झाली. हा घटनाक्रम नीट लक्षांत ठेवावा. कारण पुढें अनेकांच्या बोलण्यांत तो उलटा झाला, व जाळपोळ आधीं आणि गोळ्या मागाहून, असा समज पसरला.

त्या वेळीं राज्यांत शिवसेना-भारतीय जनता पक्षाचें युतीचें शासन होतें. मुख्यमंत्री मनोहर जोशी व गृहखातें उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांजकडे. शासनाच्या बाजूनें असें मांडण्यांत आलें कीं, महामार्गावर ज्वलनशील वायूचे टँकर अडकले होते, जमाव ते पेटविण्याच्या बेतांत होता, आणि ते पेटते तर अनर्थ ओढवला असता. हा युक्तिवाद हसून उडविण्यासारखा नाहीं. असा टँकर खरोखरच पेटता तर शेकडों माणसें मेलीं असतीं, व त्यांतील बहुतेक त्या वस्तींतीलच असतीं. परंतु याच ठिकाणीं वस्तीनें विचारलेला प्रश्नही तितकाच सरळ होता : टँकर जर इकडे नसून दूर उभे होते, तर गोळ्या वस्तीच्या तोंडाशीं कां झाडल्या? न्यायमूर्ति एस. डी. गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमण्यांत आला. १९९८ सालीं आलेल्या अहवालांत त्यांनीं गोळीबार समर्थनीय नसल्याचा निष्कर्ष काढला व त्याची जबाबदारी तुकडीच्या प्रमुखावर ठेविली. पुढें खटला उभा राहण्यास व संपण्यास इतका काळ गेला कीं निकाल ७ मे २००९ रोजीं लागला. सत्र न्यायालयानें कदम यांस सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप दिली. थोड्याच दिवसांत उच्च न्यायालयाकडून शिक्षेस स्थगिती व जामीन मिळाला.

एक कबुली येथें द्यावयास हवी. आम्ही त्या वर्षीं मुलुंडास राहत होतों व नुकतेच अध्यापनास लागलों होतों. त्या संध्याकाळीं आमच्या घरीं जें बोलणें झालें तें आम्हांस चांगलें आठवतें. रस्ता बंद असल्यामुळें कोणाची बस कशी अडकली, कोण कसा आगगाडीनें परत आला, आगगाड्यांना किती गर्दी होती, हें सर्व त्यांत होतें. दहा माणसें मेल्याची बातमीही होती, व ‘वाईट झालें’ असें आमचे वडील म्हणाले होते. परंतु त्या वाक्यानंतर पुन्हां रस्त्याकडेच बोलणें वळलें. आम्ही निर्दय माणसें नव्हतों. आमच्या मनांत त्या घटनेचें वर्गीकरण होऊन गेलें होतें इतकेंच : तो ‘रास्ता रोको’ होता, आणि रास्ता रोकोंत कधीं कधीं असें होतें. विद्यार्थिनीस ‘तें निराळें’ म्हणून जें उत्तर आम्हीं दिलें तें आमच्या तोंडीं सत्तावीस वर्षें तयारच होतें.

आतां निकष लावून पाहूं. चार वा अधिक मृत, ही अट रमाबाई नगराच्या बाबतींत अडीचपट पुरी होते. जागा सार्वजनिक होती. मृतांपैकीं कोणीही गोळ्या झाडणाऱ्यांच्या ओळखीचा नव्हता. टोळीचा तंटा नव्हता, चोरी नव्हती, घरगुती भांडण नव्हतें. जखमी धरले तर छत्तीस माणसें होतात. राहतो तो एकच भेद : गोळ्या झाडणाऱ्यांच्या अंगावर सरकारी गणवेष होता. गणवेषधारी माणसास कायद्यानें जो अधिकार दिला आहे तो एखाद्या माथेफिरूच्या कृत्याशीं एका पंक्तीस बसवूं नये, असें कोणी म्हटल्यास त्यांत तथ्य आहे. सैनिक व पोलीस यांस केव्हां तरी शस्त्र उचलावें लागतें. २००८ च्या नोव्हेंबरांत तें उचलतांना त्यांतील कित्येकांनीं प्राण दिले. परंतु हा अधिकार सशर्त आहे, आणि शर्त मोडली कीं नाहीं हें ठरविण्याचें काम ज्या न्यायाधीशांचें, त्यांनीं १९९८ मध्यें व २००९ मध्यें तें ठरविलें आहे. अधिकार नाहींसा झाल्यावर गणवेषामुळें वर्गीकरण कां बदलावें, याचें उत्तर आम्हांस अद्याप सांपडलें नाहीं.

या दृष्टीनें उपनगरांतील इतर घटनाही पाहण्यासारख्या आहेत. अंधेरीच्या लोखंडवाला संकुलांत १६ नोव्हेंबर १९९१ रोजीं पोलिसांनीं भरवस्तींत, दिवसाढवळ्या सात गुंड मारले. त्यांतील कांहींचीं नांवें आजही शाळकरी मुलांस ठाऊक आहेत, कारण त्यावर चित्रपट निघाला. रमाबाई नगरांत मेलेल्या दहांपैकीं एकाचेंही नांव त्या मुलांस सांगतां येणार नाहीं. दुसरी घटना ३१ जुलै २०२३ ची. जयपूरहून मुंबई सेंट्रलकडे येणाऱ्या गाडींत, पालघर सोडून गाडी बोरीवलीकडे येत असतां पहांटे रेल्वे संरक्षण दलाच्या एका शिपायानें आपल्या नोकरींतील बंदुकीनें आपला वरिष्ठ अधिकारी व तीन प्रवासी मारले, असा आरोप आहे. तिन्ही प्रवासी मुसलमान होते व ते निरनिराळ्या डब्यांत होते. खटला दिंडोशीच्या सत्र न्यायालयांत उभा राहिला. मृत चार, जागा सार्वजनिक, मारेकरी एक : अमेरिकेची व्याख्या येथें तंतोतंत लागू पडते, आणि तरी आपल्याकडे ती संज्ञा फार थोड्यांनीं वापरली. कोणी तो ‘मानसिक तोल सुटल्याचा’ प्रकार म्हटला, कोणी ‘द्वेषाचा गुन्हा’ म्हटला. गणवेष येथेंही होता. परंतु मृतांत एक गणवेषधारी असल्यामुळें ‘गोळीबार करावा लागला’ हें वाक्य मात्र कोणास वापरतां आलें नाहीं.

१९९२-९३ च्या दंग्यांविषयीं न्यायमूर्ति श्रीकृष्ण आयोगाचा अहवालही १९९८ मध्येंच आला, व त्यांत जी गणती आहे तिच्याइतकी प्रामाणिक गणती आमच्या वाचनांत थोडी आली आहे. मृत ९००, त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदु, ४५ अज्ञात व ५ इतर. हें कोष्टक पुष्कळांनीं उद्धृत केलें आहे. परंतु त्याच अहवालांत मृत्यूच्या कारणांचें दुसरें कोष्टक आहे तें फारसें कोणी पाहत नाहीं : पोलिसांच्या गोळीबारानें ३५६, भोसकून ३४७, जाळपोळींत ९१, जमावाच्या मारहाणींत ८०, खासगी गोळीबारानें २२ व इतर कारणांनीं ४. ‘दंगल’ हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें सुरा येतो. कोष्टकांत मात्र पहिलें स्थान बंदुकीचें आहे, व तीही शासनाच्या बंदुकीचें. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांतही पोलिसांच्या गोळीबारांतील मृतांचा तक्ता वर्षानुवर्षें खुनांच्या तक्त्यापासून दूर, वेगळा छापला जात असे. शोधणाऱ्यास तो सांपडतो. परंतु दोन्ही पानें एके ठिकाणीं उघडून पाहणारा विरळा.

यावर कोणी म्हणेल कीं, मग संज्ञा रुंद करीत करीत कोठपर्यंत जावयाचें? ही अडचण खरी आहे. नागपूर येथें २३ नोव्हेंबर १९९४ रोजीं विधानभवनावर गेलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चांत पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसें मेलीं. त्यांत बायका व मुलें पुष्कळ होतीं. तेथें बंदूक नव्हती, म्हणून ती घटना या लेखाच्या विषयांत येत नाहीं. आणि तरी ती बाहेर ठेवतांना हात अडखळतो. मावळांत ९ ऑगस्ट २०११ रोजीं पाण्याच्या प्रश्नावरून द्रुतगती मार्ग अडविणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन तीन जण मेले. तिनाची अट धरली तर ते आंत येतात, चाराची धरली तर बाहेर राहतात. व्याख्या ही कुंपणासारखी असते व कुंपणाच्या पलीकडे कोणीतरी राहणारच. आमचें म्हणणें इतकेंच कीं, कुंपण घालतांना तें कोणाच्या अंगणांतून जात आहे तें पाहावें. आतांपर्यंत सांगितलेलीं नांवें पुन्हां वाचावीं : वारली, गिरणी कामगार, गोवारी, शेतकरी, मुसलमान, बौद्ध. छत्रपति शिवाजी टर्मिनसवर २००८ सालीं दोघां बंदूकधाऱ्यांनीं ५८ माणसें मारलीं. त्या हल्ल्यांत कोठल्याही एका जागीं इतके बळी गेले नाहींत. तरी आपणांस प्रथम आठवतें तें ताजमहाल हॉटेलच.

रमाबाई नगराच्या हिशेबांत आणखी एक नांव आहे. विलास घोगरे हे शाहीर वस्त्यांतून व कामगारांच्या सभांतून गात असत; आनंद पटवर्धन यांच्या मुंबईंतील झोपडीवासीयांवरील १९८५ च्या चित्रपटांत त्यांचें गाणें आहे. डाव्या चळवळींत त्यांचें आयुष्य गेलें होतें व शेवटीं शेवटीं त्या संघटनेनें त्यांस दूरही केलें होतें. गोळीबारानंतर चार दिवसांनीं, १५ जुलै १९९७ रोजीं, त्यांनीं कपाळास निळी पट्टी बांधून गळफास घेतला. पटवर्धनांनीं त्या मृत्यूपासून आरंभ करून जें चित्रण सुरू केलें तें पुरें होण्यास चौदा वर्षें लागलीं. ‘जय भीम कॉम्रेड’ हा तो चित्रपट. गुंडेवार आयोगापुढें जें आलें नाहीं व येण्यासारखें नव्हतें तें, म्हणजे त्या वस्तीचा राग, तिचीं गाणीं, तिचा विनोद, ज्यांस समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं तो अवश्य पाहावा. तीन तासांहून मोठा असल्यामुळें तो पाहण्यास सवड काढावी लागते एवढेंच.

त्या विद्यार्थिनीनें पुढें आपला निबंध लिहिला. मुंबई व आसपासच्या अशा घटनांची एक वही तिनें केली आहे. रकाने तिचे तिनेंच पाडले आहेत : तारीख, जागा, मृत, जखमी, गोळ्या झाडणारे, चौकशी कोणी केली, निकाल काय. ‘समर्थनीय होता काय?’ हा रकाना तिनें मुद्दाम शेवटीं ठेविला आहे. ११ जुलैच्या ओळींत मृतांच्या रकान्यांत १० हा आंकडा आहे. घोगरे यांस त्यांत धरावें कीं नाहीं असें तिनें आम्हांस विचारलें. ते गोळीनें मेले नाहींत, त्या ठिकाणीं मेले नाहींत, त्या दिवशींही मेले नाहींत. आम्हांस ठाऊक असलेल्या कोणत्याच व्याख्येंत ते बसत नाहींत, असें आम्हीं तिला सांगितलें. तिनें तें ऐकून घेतलें. प्रतिवर्षीं ११ जुलैस वस्तींतील स्मारकापाशीं लोक जमतात, दहाही नांवें घेतात. तेथें यंदा या, म्हणजे तेथील लोक काय करतात तें दिसेल, असें ती म्हणाली. महामार्गाच्या कडेची ती वस्ती आतां पुनर्वसनाच्या मोठ्या योजनेंत सांपडली आहे व जुनीं घरें जाऊन तेथें उंच इमारती व्हावयाच्या आहेत. आम्हीं जाण्याचें कबूल केलें आहे.